एक लहर, दोन घरें

सकाळीं नभोवाणी यंत्रांतून निघणारा आवाज आपण इतक्या सहजतेनें ऐकतों, कीं त्यांत कांहीं नवल आहे असें कोणाच्या मनांतहि येत नाहीं. अभंग संपतो, निवेदिका वेळ सांगते, दंतमंजनाची जाहिरात होते, बातम्या लागतात. आणि हें सारें जवळजवळ एकाच मापाच्या आवाजांत आपल्या कानीं पडतें. गृहिणीस हातांतलें काम टाकून बटण फिरवावें लागत नाहीं. पण हे आवाज मुळांत सारखे असतात काय? तार सप्तकांत गेलेल्या गायकाच्या मानानें निवेदिकेचें बोलणें किती हळू! आणि टाळमृदंगासह गाणाऱ्या भजनी मंडळाशेजारीं बातम्या देणाऱ्याचा आवाज ठेवला, तर ती केवळ शेजघरांतील कुजबूज ठरेल. मग हे असमान आवाज समान कोण करतें? गाणाऱ्याच्या तोंडापुढील मायक्रोफोन आणि प्रक्षेपणाचा उंच मनोरा यांच्या दरम्यान एक यंत्र बसविलेलें असतें. हें काम त्याचें. अभियंते त्यास ऑडिओ प्रोसेसर म्हणतात. आपण ध्वनिसंस्कारक म्हणूं. श्रोत्यांपैकीं फार थोड्यांनीं त्याचें नांव ऐकलें असेल. परंतु घरोघर जें ऐकूं येतें त्यांत या यंत्राचा वाटा गायकाच्या खालोखाल असतो, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

त्याची गरज कां पडते, हें आधीं पाहूं. मानवी कानाची ग्रहणशक्ति विलक्षण आहे. निरोगी कानास जेमतेम ऐकूं येणारा ध्वनि आणि ज्यानें कानांत कळ येते असा ध्वनि, यांच्या शक्तींचें प्रमाण एकास एक लक्ष कोटि इतकें असतें. एवढाले आंकडे हाताळणें गैरसोयीचें, म्हणून शास्त्रज्ञ डेसिबल हें माप वापरतात. त्या मापानें हें अंतर १२० भरतें. शक्ति दसपट झाली कीं डेसिबल दहानें वाढतात, आणि गंमत अशी कीं दसपट शक्तीचा आवाज कानाला मात्र सुमारें दुप्पटच वाटतो. घरांत ठेवलेल्या यंत्राला एवढा ऐसपैस अवकाश कोठून मिळणार? खालच्या बाजूस पंख्याची घरघर, रस्त्यावरील रिक्षा, स्वयंपाकघरांतील फोडणी. यांच्याखालीं जो स्वर गेला तो बुडालाच. वरच्या बाजूस प्रक्षेपकाची मर्यादा. तिच्यावर जो गेला तो फाटला. मैफलींतला आवाज या दोहोंच्या मधल्या अरुंद जागेंत बसवावयाचा, एवढीच मूळ अडचण.

मुंबईस २३ जुलै १९२७ रोजीं इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचें केंद्र सुरू झालें. त्या काळीं व त्यानंतरहि कित्येक वर्षें हें काम माणसाच्या हातानेंच होत असे. अभियंत्यानें कांटा हलणाऱ्या मापकाकडे डोळे लावून बसावयाचें, गायकाचा आवाज चढूं लागला कीं बटण मागें घ्यावयाचें, उतरला कीं पुढें न्यावयाचें. गाण्याची जाण असलेला अभियंता हें काम इतक्या हळुवारपणें करी, कीं ऐकणारास त्याचा पत्ताहि लागत नसे. तान येणार हें त्याला आधींच कळे. पण कितीहि तरबेज झाला तरी माणसाचा हात तो. तबल्याची थाप सेकंदाच्या शतांश भागांत येऊन गेलेली असते, आणि हात हलतो तो त्यानंतर. म्हणून हाताच्या जागीं यंत्र आलें. यंत्राला डुलकी लागत नाहीं, हें खरें; त्याला गाणें कळत नाहीं, हेंहि तितकेंच खरें.

या कथेचा पुढचा भाग एडविन आर्मस्ट्राँग या अमेरिकन संशोधकाचा आहे. तोंपर्यंतच्या पद्धतींत आवाजाप्रमाणें लहरीची उंची कमीजास्त करीत. विजा, मोटारी, कारखाने यांपासून उठणारी खरखरहि लहरीची उंचीच बिघडवीत असल्यामुळें गाणें आणि खरखर यांचा काला होऊन जाई. आर्मस्ट्राँगनें लहरीची उंची कायम ठेवली आणि आवाजाबरोबर तिची कंपनसंख्याच पुढेंमागें हलविली. हीच आजची एफ्.एम्. पद्धति. १९३३ च्या डिसेंबरांत त्यास तिचे एकस्वाधिकार मिळाले, आणि ५ नोव्हेंबर १९३५ रोजीं न्यूयॉर्क येथें अभियंत्यांच्या सभेंत त्यानें तिचें प्रात्यक्षिक करून दाखविलें. पेल्यांत पाणी ओतल्याचा, कागद चुरगळल्याचा आवाज दूरच्या केंद्रावरून जसाच्या तसा आलेला ऐकून जमलेली तज्ज्ञ मंडळी थक्क झाली. पुढें बड्या कंपन्यांशीं दावे लढतां लढतां हा मनुष्य खचला, व १९५४ च्या जानेवारींत त्यानें आपलें जीवित संपविलें. त्याची पत्नी मॅरियन हिनें मात्र दावे सोडले नाहींत. एकामागून एक चालवीत तिनें ते १९६७ सालीं शेवटास नेले. आपल्या देशांत एफ्.एम्. प्रक्षेपण प्रथम सुरू झालें तें मद्रास येथें, २३ जुलै १९७७ रोजीं. मुंबईच्या त्या पहिल्या केंद्रास बरोबर पन्नास वर्षें पूर्ण झालीं त्या दिवशीं.

एफ्.एम्.नें खालची खरखर पुष्कळ हटविली, पण वरचें छप्पर अधिक कडक केलें. या पद्धतींत आवाज जितका मोठा तितकी लहर आपल्या नेमलेल्या जागेपासून दूर सरते. आणि ७५ किलोहर्ट्झांपलीकडे तिनें सरूं नये, असा नियम आहे. पलीकडे गेली कीं शेजारच्या केंद्राच्या अंगणांत घुसखोरी झाली. त्यांत आणखी एक पेंच आहे. एफ्.एम्.मध्यें जी काय खरखर उरते ती उंच स्वरांच्या प्रदेशांत अधिक असते. ती दाबण्यासाठीं प्रक्षेपणापूर्वीं उंच स्वर मुद्दाम चढवितात आणि आपल्या घरच्या यंत्रांत ते तितकेच उतरवितात. स्वरांबरोबर खरखरहि उतरते. युक्ति मोठी नामी आहे. या चढावाचें माप भारतांत व युरोपांत ५० मायक्रोसेकंद आहे, अमेरिकेंत ७५. आपल्याकडील मापानें सेकंदास ५,००० कंपनें असलेल्या स्वरास जवळजवळ दुप्पट, तर १५,००० कंपनांच्या स्वरास जवळजवळ पांचपट उठाव मिळतो.

ही योजना आंखणारांनीं असें गृहीत धरलें होतें, कीं इतक्या उंच स्वरांत मुळांत फारसा जोर नसतो. आमचे टाळकरी त्या गृहीतकाला जुमानणारे नव्हेत! भजन रंगांत आलें कीं टाळांचा प्रत्येक ठोका या चढावावर पाय देऊन कुंपणापलीकडे उडी घेऊं पाहतो. 'स', 'श', 'च' या वर्णांचेंहि तसेंच आहे. कांहीं केंद्रांवर निवेदिका बोलूं लागली कीं प्रत्येक 'स'पाशीं आवाज जरा बोथट, जरा फसफसल्यासारखा होतो, हें पुष्कळांच्या ध्यानांत आलें असेल. त्यांत निवेदिकेच्या उच्चारांचा दोष नसतो; कुंपणाशीं उभ्या असलेल्या पहारेकऱ्यानें तो वर्ण दाबलेला असतो.

हा पहारेकरी काम कसें करतो, हें समजण्यास सोलापूरकरांना उजनी धरणाचा दाखला पुरे. पावसाळ्यांत भीमेला पाणी किती येईल याचा नेम नसतो. पण धरणाखालीं सोडावयाचें पाणी मात्र मापांत असावें लागतें. ध्वनिसंस्कारकाचा पहिला भाग जलाशयासारखा संथ असतो. कांहीं सेकंदांच्या अवधींत एकंदर आवाज चढला कीं उतरला, एवढेंच तो पाहतो व त्याप्रमाणें सावकाश कमीजास्त करतो. दुसरा भाग दरवाजांचा. येथें आवाजाची खर्जापासून तार स्वरांपर्यंत चार-पांच पट्ट्यांत वांटणी होते आणि प्रत्येक पट्टीला स्वतंत्र दरवाजा असतो. डग्ग्याचा घुमारा वाढला तर खालचा दरवाजा आवळावयाचा, टाळ वाढले तर वरचा. यामागून येतो तो मर्यादक. याचें काम सेकंदाच्या सहस्रांश भागांत चालतें. हल्लींच्या यंत्रांत आवाजाचे आंकडे बनवून ते क्षणभर थोपवून धरतात. त्यामुळें येणारी थाप आधींच दिसते व दरवाजा वेळेवर लागतो. मघांच्या जाणत्या अभियंत्याला तान आधीं कळत असे, त्याचीच ही यांत्रिक नक्कल म्हणा ना. इतकें करूनहि जो शेंडा वर राहिला तो शेवटीं सरळ कापला जातो. या कापाकापीचा दोष असा, कीं लहरीचा माथा छाटला म्हणजे मूळ गाण्यांत नव्हते असे नवेच स्वर त्यांतून जन्मास येतात. कान त्यांना खरखरीतपणा म्हणून ओळखतो.

अशीं यंत्रें एका दिवसांत झालीं नाहींत. १९६० च्या सुमारास अमेरिकेंतील सी.बी.एस्. कंपनीच्या प्रयोगशाळेनें ऑडिमॅक्स नांवाचें आवाज सांभाळणारें यंत्र पुढें आणलें. १९७५ सालीं रॉबर्ट ऑर्बन यानें ऑप्टिमॉड हें यंत्र काढलें. त्यांत आवाजाची आवळणी, कुंपणाची राखण आणि डाव्या-उजव्या कानांचे आवाज एकत्र गुंफण्याची क्रिया हीं एकाच पेटींत आलीं. ही गुंफण मोठी हुशारीची आहे. दोन्ही बाजूंची बेरीज साध्या आवाजाच्या जागीं पाठवितात, वजाबाकी ३८ किलोहर्ट्झांच्या भोंवतीं लपवितात, आणि खुणेसाठीं १९ किलोहर्ट्झांचा एक बारीक, कानास न ऐकूं येणारा स्वर सोडतात. जुन्या एककर्णी यंत्रास बेरीज तेवढी कळते. नवें यंत्र खुणेचा स्वर ओळखून दोन्ही बाजू वेगळ्या करतें.

आतां आपल्या गांवाकडे वळूं. सोलापूर आकाशवाणी १०३.४ मेगाहर्ट्झवर लागते. तिच्या जोडीस खासगी केंद्रेंहि आहेत. एफ्.एम्.ची लहर दृष्टीच्या टप्प्याबरोबर संपते, पुण्यामुंबईची ती येथवर पोंचत नाहीं. तेव्हां गांवांतील मनोऱ्यावरून जें येईल तेंच सर्वांनीं ऐकावयाचें. आसरा चौकाच्या पलीकडे विजापूर रस्त्याच्या बाजूस पसरलेल्या जुळे सोलापुरांतील एक घर डोळ्यांसमोर आणा. रात्रीचे साडेनऊ वाजले आहेत, जेवणें आटोपलीं आहेत, मुलें अभ्यासास बसलीं आहेत आणि आजोबा आरामखुर्चीत डोळे मिटून रागदारी ऐकत आहेत. या खोलींत आवाजाची पातळी फार तर ३५-४० डेसिबल असेल. त्याच क्षणीं शहराच्या पूर्व भागांत यंत्रमागाच्या कारखान्यांत चादरी व टॉवेल विणणारा कामगार रात्रपाळींत उभा आहे. मागांची खटखट नव्वद डेसिबलांच्या वर आहे, आणि खुंटीला टांगलेल्या यंत्रावर त्यानें तेंच केंद्र लावलेलें आहे. आजोबांना आलापाचा हळुवारपणा हवा. त्या कामगाराला हळुवार स्वर म्हणजे शांतता. मागाच्या खटखटाटांत तो स्वर आला काय आणि गेला काय, सारखेंच. त्याला सर्व आवाज एका उंचीवर, घट्ट आवळलेला हवा, तरच त्याची करमणूक होणार. लहर एक, घरें दोन, आणि यंत्राच्या किल्ल्या मात्र केंद्रावर एकाच ठिकाणीं फिरतात.

येथें मागवाल्याच्या बाजूनें बोलणें माझें कर्तव्य आहे, कारण संगीतरसिक मंडळी या यंत्रास सरसकट शिव्या देतात. मोटार चालविणारा, चक्कींत दळणारा, बसच्या थांब्यावर उभा असलेला, अशा सगळ्यांना आवळलेला आवाजच उपयोगी पडतो. इतकेंच काय, त्या जुळे सोलापुरांतील घरांतहि आजींची गोष्ट आजोबांहून निराळी असूं शकते. उतारवयांत कान प्रथम उंच स्वर गमावतो. अ, आ, ओ हे स्वर कळतात, पण स, त, क, फ हीं व्यंजनें विरून जातात; म्हणून म्हातारीं माणसें "ऐकूं येतें, पण कळत नाहीं" म्हणतात तें अगदीं शास्त्रशुद्ध असतें. बातम्यांतील व्यंजनें वर उचलून देणारें यंत्र त्यांना उपकारकच होय.

परंतु रागदारीचें जें होतें तें गंभीर आहे. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनीं १९२० मध्यें 'नेचर' या नियतकालिकांत आणि पुढें १९३४ च्या विस्तृत निबंधांत आपल्या तालवाद्यांचें रहस्य उलगडून दाखविलें. साध्या ढोलाच्या कातड्यांतून जे उपस्वर निघतात ते एकमेकांशीं सुसंवादी नसतात. मृदंग-तबल्याच्या पुडीवर शाई चढविली कीं ते उपस्वर नेमक्या पटींत येऊन बसतात व चामड्यांतून तंतुवाद्यासारखा स्वर बोलूं लागतो. तंबोऱ्याच्या घोडीवर जवारीचा दोरा सरकविला कीं, पाश्चात्य नियमाप्रमाणें निघूं नयेत असेहि उपस्वर तारेंतून निघतात, हेंहि त्यांनीं १९२१ च्या सुमारास दाखवून दिलें. अनामिक कारागिरांनीं पिढ्यान् पिढ्या कानानें साधलेली ही उपस्वरांची मांडणी म्हणजे आपल्या गायनाची बैठक. आणि ध्वनिसंस्कारकाच्या पट्ट्या नेमक्या हिच्यावर सुरी चालवितात. तबल्याचे उपस्वर तीन पट्ट्यांत विभागले गेले व प्रत्येक पट्टीचा दरवाजा निरनिराळा उघडला-मिटला, तर चाटीचा बोल आणि त्याची आंस यांचें नातें तुटतें.

तंबोऱ्याची दशा तर याहून वाईट. तो सतत मंद झणकारत असतो. तबल्याची थाप पडली कीं यंत्र एकंदर आवाज खालीं ओढतें. त्याबरोबर तंबोराहि खालीं जातो. थाप ओसरली कीं यंत्र आवाज पुन्हा वर उचलतें. तंबोरा वर येतो. परिणामीं तंबोरा जणूं धापा टाकीत आहे, असा भास होतो. ज्या स्वरानें स्थिर राहून गायकाला आधार द्यावयाचा, तोच तबल्याच्या तालावर झोके घेऊं लागतो! ज्यांना हें पाहावयाचें असेल त्यांनीं विलंबित ख्याल चालूं असतां गायकाकडे कान न देतां केवळ मागच्या तंबोऱ्याकडे द्यावा. बातम्यांच्या वेळीं दोन वाक्यांमधील निवेदकाचा श्वास ऐकावा. पुढ्यांत बसलेल्या माणसाचा श्वास आपणांस कधीं इतका मोठा ऐकूं येत नाहीं. वाक्य थांबलें कीं यंत्र रिकामी जागा भरून काढण्यास धांवतें आणि श्वासच उचलून आणतें.

आलापाचा आरंभ गायक हळू करतो तो कांहीं घसा राखण्यासाठीं नव्हे. हळू आणि मोठा यांतील अंतर हाच त्याच्या सांगण्याचा भाग असतो. तें अंतर काढून टाकलें तर स्वर तेच राहतात, शब्द तेच राहतात, पण षड्जावर येऊन विसावणें आणि तार षड्जावर झेप घेणें यांचें वजन एकच होतें. ज्या घरांतील मुलें गाणें मुख्यतः नभोवाणीवर ऐकून शिकतात, त्यांच्या कानांवर याचा कांहीं परिणाम होत नसेल काय? मला तर तो होतो असें वाटतें. जन्मभर आवळलेलेंच ऐकलेलीं मुलें खऱ्या मैफलींत बसलीं म्हणजे पहिलीं दहा मिनिटें चुळबूळ करतात. त्यांना गायक "अजून सुरू झालेला" वाटत नाहीं. विशेष असें, कीं आपल्या नभोवाणीनें एके काळीं श्रुतींच्या शुद्धतेसाठीं पेटीवर बंदी घातली होती. १९४० पासून सुमारें तीस वर्षें ती चालली. पेटीच्या ठरीव सुरांनीं श्रुति बिघडतात कीं नाहीं यावर रकानेच्या रकाने लिहिले गेले; पण साऱ्या गायनावर बसलेल्या या दुसऱ्या पेटीविषयीं जाणत्यांनींहि फारसा ऊहापोह केलेला आढळत नाहीं.

आवाज आवळण्याचें प्रमाण इतकें कां वाढलें, याचें उत्तर बाजारांत आहे. बटण फिरवितांना जें केंद्र अधिक मोठें लागतें तेथें श्रोत्याचा हात थबकतो, अशी केंद्रचालकांची समजूत. एकानें आवाज चढविला कीं दुसऱ्यानें चढवावा, तिसऱ्यानें त्याच्यावर कडी करावी. आणि कुंपण तर ७५ किलोहर्ट्झांवर सर्वांना सारखेंच! तेव्हां उंची वाढवितां येत नाहीं म्हणून खळगे भरून काढावयाचे, हाच मार्ग उरतो. अमेरिकेंत हें युद्ध फार विकोपास गेलें. युरोपांतील कांहीं देशांनीं, विशेषतः जर्मनी व स्वित्झर्लंड यांनीं, त्यावर तोड काढली: शेंड्याची उंची मोजून न थांबतां एका मिनिटांतील सरासरी शक्तीवरहि मर्यादा घातली. मग खळगे भरून लाभ तो काय? पुढें २००६ सालीं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेनें कानाला जाणवणारा मोठेपणा मोजण्याची रीत ठरवून दिली, आणि २०१० सालीं युरोपांतील प्रक्षेपकांच्या संघानें कार्यक्रम व जाहिराती एकाच मापाला आणण्याचा दंडक घातला. जाहिरात लागली कीं घर दणाणावें, हा त्रास त्या देशांत दूरचित्रवाणीवर तरी बराच कमी झाला.

राहतां राहिली डिजिटल नभोवाणी. हींत आवाजाचे आंकडे बनवून ते आंकडेच लहरीवरून पाठवितात. युरोपांत ती १९९५ सालीं नियमितपणें सुरू झाली. नॉर्वेनें तर २०१७ मध्यें आपलीं राष्ट्रीय एफ्.एम्. प्रक्षेपणें बंद करून टाकलीं. भारतांत आकाशवाणीनें मध्यम लहरींसाठीं डी.आर्.एम्. ही पद्धति स्वीकारून तीसांहून अधिक प्रक्षेपक तीप्रमाणें बसविले. मात्र तें ऐकूं शकणारीं यंत्रें कांहीं मोटारी सोडल्यास घरांत क्वचितच दिसतात. ध्वनिमुद्रिकेच्या चकतीवर सेकंदास चौदा लक्षांहून अधिक आंकडे लागतात. मध्यम लहरीच्या डी.आर्.एम्.ला वीस-पंचवीस हजारांत भागवावें लागतें. हें साधतें तें कानाच्या एका दुबळेपणामुळें. मोठ्या स्वराशेजारचा बारीक स्वर कानाला ऐकूं येत नाहीं. मग तो पाठवावयाचा कशाला? यंत्र असे झांकले गेलेले स्वर हुडकून वगळतें. येथें आवळलेल्या, छाटलेल्या आवाजाची गडबड होते. छाटणीनें जन्मलेले ते उपरे स्वर यंत्राला खऱ्या स्वरांसारखेच दिसतात. त्यांना जपण्यांत आधींच थोडे असलेले आंकडे खर्ची पडतात, आणि गाणें पाण्यांतून आल्यासारखें लागतें. एफ्.एम्.साठीं कसलेला आवाज डिजिटल लहरीवर किंवा फोनवरून ऐकावयाच्या प्रक्षेपणावर तसाच चढविला तर तो बिघडतो, तो यामुळें.

पण या पद्धतीची एक सोय मला सर्वांत मोलाची वाटते. गाणें जसेंच्या तसें, त्याच्या साऱ्या चढउतारांसह पाठवावयाचें; आणि सोबत, तें आवळावयाचें झाल्यास कोठें किती आवळावें याची सूचना आंकड्यांतच वेगळी पाठवावयाची. त्या सूचनेचा अंमल घरच्या यंत्रानें करावयाचा किंवा न करावयाचा. म्हणजे मागवाल्यानें कळ दाबली कीं त्याला घट्ट आवाज मिळाला; आजोबांनीं ती बंद ठेवली कीं त्यांना मैफल मिळाली. किल्ली केंद्रावरून निघून श्रोत्याच्या हातीं आली. युरोपच्या डिजिटल पद्धतींत ही तरतूद आरंभापासून आहे आणि डी.आर्.एम्.च्या नव्या संकेतांतहि ती आहे. कागदावर आहे, हें खरें. जे केंद्रचालक जुन्या संवयीनें आधींच सर्व आवळून मग पाठवितात, त्यांच्यापुढें ही तरतूद व्यर्थ होय. एकदां दळलेलें पीठ पुन्हा धान्य होत नाहीं.

तोंपर्यंत हातीं असलेल्या एफ्.एम्. यंत्रावर जेवढें साधेल तेवढें साधावें. १०३.४ मेगाहर्ट्झसाठीं लहरीचा चतुर्थांश ७२-७३ सेंटिमीटर भरतो. यंत्राची तार तेवढी लांब ओढून खिडकीजवळ उभी ठेवावी. फोनवर एफ्.एम्. लावतांना कानांत घालावयाच्या साधनाची दोरीच तारेचें काम करते, म्हणून ती गुंडाळून ठेवूं नये. सिमेंटच्या उंच इमारतींनीं वेढलेल्या घरांत दोन्ही बाजूंचा आवाज खरखरूं लागला तर यंत्र एककर्णी करावें. लपविलेली वजाबाकी सोडून दिली कीं खरखर बरीच ओसरते आणि तंबोरा पुन्हा ऐकूं येतो. आवाज फार हळू ठेवला तर कान खर्ज गमावतो, हें फ्लेचर व मन्सन या शास्त्रज्ञांनीं १९३३ सालींच दाखविलें आहे; तेव्हां रागदारीच्या वेळीं बटण किंचित पुढें असावें आणि पंखा, शक्य तर, बंद. ज्या घरीं आजींना बातम्या कळाव्यात म्हणून आजोबांच्या गाण्यावर चढा आवाज ठेवावा लागतो, तेथें आजींसाठीं एक लहानसें वेगळें यंत्र उशाशीं ठेवावें. त्याचा तार स्वरांचा कांटा पुढें असावा. आजोबांच्या यंत्राला मग कोणी हात लावूं नये.